‘नाही’ म्हणण्याची पात्रता

एक प्रयोग घरच्या घरी करता येतो. एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं. पोलराइज्ड गॉगल हातात धरून त्याच्या एका काचेतून पडद्याकडे बघायचं आणि गॉगल हळूहळू फिरवत न्यायचा. एका कोनात पडदा जवळजवळ काळा होतो. गॉगल तिथेच धरून ठेवायचा. मग साध्या काचेच्या तुकड्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन-तीन तुकडे आडवेतिडवे चिकटवून ती काच पडदा आणि गॉगल यांच्या मधे आणायची. काच काळोखातच राहते, पण चिकटपट्टी उजळते. जिथे थरावर थर आहेत तिथे निळा, पिवळा, जांभळा असे रंगही दिसतात. आता फक्त ती काच फिरवायची. एकेक पट्टी मंद होत जाते आणि एका कोनात पूर्ण नाहीशी होते. थोडं पुढे फिरवलं की परत येते.

पट्टी कुठेही गेलेली नसते, हे आपल्याला माहीत असतं, कारण ती आपणच चिकटवलेली असते. पण ज्याने ती चिकटवताना पाहिलं नाही आणि जो काच फिरवून बघत नाही, तो काय म्हणेल? तो म्हणेल, ‘इथे काही नाही.’ आणि तो खोटं बोलत नसेल.

‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ ह्या दोन वाक्यांत किती अंतर आहे, आणि ते ओलांडायचा अधिकार आपल्याला कधी मिळतो, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न जुना आहे. पण ध्रुवित प्रकाशात, म्हणजे पोलराइज्ड लाइटमध्ये, शरीराच्या ऊती तपासणाऱ्यांना तो रोज कामाच्या टेबलावर भेटतो.

आधी त्या टेबलावर काय असतं ते बघू. प्रकाश पुढे जाताना त्याची लहर आडव्या दिशेने थरथरते. दिव्याच्या प्रकाशात ही थरथर सगळ्या दिशांना असते. पोलराइज्ड काच त्यातली एकच दिशा पुढे सोडते. तशी दुसरी काच पहिलीशी काटकोनात ठेवली की काहीच पुढे जात नाही. ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप म्हणजे मुळात एवढंच: काटकोनातल्या दोन काचा, मधे नमुना, आणि नमुना ठेवायची गोल फिरणारी चकती. मधे पाण्याचा थेंब ठेवला तर काळोख तसाच राहतो. कोलॅजनचा तंतू ठेवला तर तो चमकतो, कारण त्याचे रेणू एका दिशेने ओळीत लागलेले असतात. तंतूच्या लांबीच्या दिशेने थरथरणारा प्रकाश आणि त्याला आडवा थरथरणारा प्रकाश त्यातून वेगवेगळ्या वेगाने जातात. बाहेर पडताना दोघांचा मेळ बदललेला असतो, म्हणून थोडा प्रकाश दुसऱ्या काचेतूनही निसटतो. ह्या गुणाला द्विअपवर्तन म्हणतात.

म्हणजे हा मायक्रोस्कोप ऊतीला एकच प्रश्न विचारतो: तुझ्यात काही शिस्त आहे का? कंडरा, हाड, स्नायू, मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण ही सगळी ‘हो’ म्हणतात. बारावीला स्नायूतले ए-बँड आणि आय-बँड पाठ केले असतील, तर ती अक्षरं इथूनच आलेली आहेत. ए म्हणजे अ‍ॅनआयसोट्रॉपिक, ध्रुवित प्रकाशात चमकणारा पट्टा. आय म्हणजे आयसोट्रॉपिक, जवळजवळ न चमकणारा. त्यासाठी रंग लावावा लागत नाही, आणि पेशी मारावी लागत नाही.

पण ह्या यंत्रात एक अडचण जन्मजात आहे. तंतू दोन्हींपैकी कुठल्याही काचेच्या दिशेला समांतर आला की त्यातून एकाच दिशेची थरथर जाते. तिला जोडीदारच नसतो, त्यामुळे मेळ बदलायचा प्रश्न येत नाही आणि तंतू काळा पडतो. चकतीची एक पूर्ण फेरी होते तेव्हा तंतू चार वेळा चमकतो आणि चार वेळा बुडतो. म्हणून ह्या मायक्रोस्कोपवर बसणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यायची ती चकती फिरवण्याची. न फिरवता ‘इथे काही नाही’ म्हणणं हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं असं असतं: ‘...ह्या कोनातून.’

*

अर्ध्या वाक्याची किंमत किती मोठी असू शकते, हे पेशीविभाजनाच्या इतिहासात दिसतं. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंगने १८८२ च्या आपल्या पुस्तकात विभागणाऱ्या पेशींची चित्रं काढली, तेव्हा त्यात सूतकताईच्या चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा बारीक धाग्यांचा आकार होता. गुणसूत्रं ह्या धाग्यांच्या आधाराने दोन बाजूंना जातात असं पुढे मानलं गेलं. गोम अशी होती की हे धागे रसायनात मारलेल्या आणि रंगवलेल्या पेशींत दिसत. जिवंत पेशीत, साध्या मायक्रोस्कोपखाली, त्याच जागी स्वच्छ मोकळा भाग दिसे.

मग धागे खरे की खोटे? शंका घेणाऱ्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. दूध नासलं की त्यात गाठी दिसतात, म्हणून ताज्या दुधात गाठी असतात असं कोणी म्हणत नाही. पेशीतलं प्रथिन रसायनाने गोठलं असेल आणि त्या गोठण्याचेच धागे दिसत असतील. हा वाद अर्धशतकाहून जास्त चालला. एका बाजूला मेलेल्या पेशीतलं ‘दिसतं’, दुसऱ्या बाजूला जिवंत पेशीतलं ‘दिसत नाही’.

तो सोडवला शिन्या इनोउए ह्या जपानी शास्त्रज्ञाने. युद्धानंतरच्या जपानमध्ये टाकून दिलेल्या मशीनगनच्या बैठकीवर त्याने आपला पहिला ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप उभारला. पुढे अमेरिकेत गेल्यावर तो सुधारत नेला. चातीची चमक इतकी क्षीण असते की भिंगांच्या काचेतल्या ताणामुळे निसटणारा प्रकाशही तिला बुडवून टाकतो, म्हणून त्याचं बरंचसं काम काळोख आणखी काळा करण्याचं होतं. १९५३ साली त्याने जिवंत पेशींतले तंतू दाखवले, एका समुद्री किड्याच्या अंड्यात आणि लिलीच्या परागकण घडवणाऱ्या पेशींत. मोकळी वाटणारी जागा मोकळी नव्हती.

मला मात्र त्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पेशी थंड केली की चातीची चमक विझते, आणि ऊब दिली की काही मिनिटांत परत येते. कोल्चिसिन हे औषध दिलं तरी विझते. चमक विझली तेव्हा ‘चाती नष्ट झाली’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. इनोउएने तसं केलं नाही. यंत्राने विचारलं होतं ‘शिस्त आहे का’, तर मिळालेल्या ‘नाही’चा अर्थ ‘शिस्त नाही’ एवढाच. द्रव्य पेशीतच असेल, सुटं होऊन विखुरलेलं, पुन्हा रांगेत लागायला तयार, असं त्याने अनुमान केलं. पुढे ट्युब्युलिन हे प्रथिन सापडलं आणि ते अनुमान खरं निघालं. ते शोधायला कोल्चिसिनचीच मदत झाली, कारण कोल्चिसिन ट्युब्युलिनलाच चिकटतं. इनोउएने उत्तर प्रश्नाएवढंच ठेवलं, त्याहून मोठं होऊ दिलं नाही. ही मला नुसती हुशारी वाटत नाही. ह्यात चारित्र्याचाही भाग आहे.

*

हेच कोल्चिसिन गाउटच्या, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकाराच्या, झटक्यावर दिलं जातं. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या विषारी कंदातही ते असतं. आणि गाउटचं निदानही ध्रुवित प्रकाशानेच पक्कं होतं. १९६१ साली डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी सुजलेल्या सांध्यातलं पाणी ह्या मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यातले युरेटचे सुईसारखे स्फटिक ओळखून दाखवले. ह्या तपासणीत मधे आणखी एक खास पट्टी घालतात. तिने पार्श्वभूमी किरमिजी होते. सुई पट्टीच्या ठरलेल्या अक्षाला समांतर असेल तर पिवळी दिसते, काटकोनात असेल तर निळी. लवकरच दुसरा एक आजार वेगळा निघाला, स्यूडोगाउट. त्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक असतात, आणि त्यांचे रंग नेमके उलटे.

इथे पुरावा एका रंगात नाही. तो रंग बदलण्यात आहे. नुसता पिवळा स्फटिक काहीच सिद्ध करत नाही, फिरवल्यावर निळा झाला तर करतो. आणि सापडण्यालाही मर्यादा आहे. युरेट सापडलं म्हणून त्याच सांध्यात जंतुसंसर्ग नाही असं ठरत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. न सापडण्याला तर जास्तच. पायरोफॉस्फेटचे बरेच स्फटिक इतके मंद चमकतात की घाईत सहज निसटतात.

माझ्या आत्याचा गुडघा दोन वर्षं अधूनमधून सुजायचा. एक्स-रे झाला, रक्तातलं युरिक अ‍ॅसिड बघून झालं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत,’ असं सांगितलं गेलं, आणि ते वाक्य खरं होतं. पण घरात ते वाक्य चालत राहिलं. आधी ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ झालं, मग ‘गुडघ्यात काही नाही’, मग ‘तिला काही नाही’. दिवाळीपर्यंत ते ‘तिला कुरकुरायची सवयच आहे’ इथवर पोचलं. चार वाक्यांत एका बाईच्या दुखण्याचं तिच्या स्वभावात रूपांतर झालं, आणि कोणीही एकही नवी तपासणी केली नव्हती. नंतर एका डॉक्टरांनी सूज असतानाच गुडघ्यातलं पाणी काढून मायक्रोस्कोपखाली बघायला दिलं, तेव्हा स्यूडोगाउट निघाला. आत्या म्हणाली, ‘औषधाने बरं वाटेल तेव्हा वाटेल. मी खोटी ठरले नाही, त्यानेच निम्मं बरं वाटलं.’

‘दिसत नाही’पासून ‘नाही’पर्यंतची उडी ज्ञानाची आहे. ‘नाही’पासून ‘तू सांगतेस ते खोटं’पर्यंतची उडी नीतीची आहे. पण दुसरी उडी मारणाऱ्याच्या पायाखाली पहिल्या उडीची फळी असते. म्हणून पहिलीकडे नैतिक प्रश्न म्हणून बघायला हवं असं मला वाटतं.

*

काळ्या जागेचे अर्थ किती असू शकतात, ह्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण मेंदूचं आहे. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात दान केलेल्या मेंदूंचे साधारण केसाच्या जाडीचे काप करतात आणि ध्रुवित प्रकाशात त्यांच्या प्रतिमा घेतात. मायलिन चमकतं, म्हणून मज्जातंतूंच्या वाटा दिसतात. वेगवेगळ्या कोनांत फिल्टर फिरवून घेतलेल्या मापांवरून संगणक प्रत्येक बिंदूवर तंतूची दिशा काढतो आणि दिशेप्रमाणे रंग देतो. चित्रं विलक्षण सुंदर असतात, मोरपिसासारखी.

आता त्या चित्रातला एक काळा भाग घ्या. तिथे तंतू नसतील, हा पहिला अर्थ. दुसरा: तंतू आहेत, पण ते कापात उभे आहेत, प्रकाशाच्या दिशेतच. तसे असले की त्यांचं द्विअपवर्तन दिसत नाही. तिसरा अर्थ मला सगळ्यात अस्वस्थ करतो: तंतूंचे दोन जुडगे एकमेकांना काटकोनात छेदत असतील आणि एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकत असेल. म्हणजे जिथे एकही तंतू नाही ती जागा आणि जिथे दोन दाट वाटांचा चौक आहे ती जागा, दोन्ही चित्रात सारख्याच काळ्या. उभ्या तंतूंसाठी तिथल्या संशोधकांनी नमुना वेगवेगळ्या बाजूंना थोडा कलवूनही प्रतिमा घ्यायची सोय केली. आता नुसती फिरवून भागत नाही, चकती तिरकीही करावी लागते.

माझं काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे, आणि ह्या काळ्या जागेला आमच्या धंद्यात नाव आहे. डेटाबेसमध्ये ‘शून्य’ आणि ‘नल’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजमापच नाही. नवशिक्यालाही हा फरक पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि तरीही जगभरच्या कोडमध्ये एक छोटी ओळ सगळीकडे सापडते: नल आला तर शून्य धर. कारण साधं असतं. पडद्यावर रिकामी चौकट वाईट दिसते, बेरीज करताना प्रोग्रॅम अडखळतो, डेमो उद्यावर आलेला असतो. ती ओळ लिहिताना कोणाच्या मनात फसवायचं नसतं. पण तिच्या पलीकडे बसलेल्या माणसाला ‘बघितलंच नाही’ हे ‘काही नाही’ असं दिसतं, आणि त्याला ते कळायचा कोणताही मार्ग उरत नाही.

जुन्या मायक्रोस्कोपवर चकती फिरवणारा हात आणि बघणारा डोळा एकाच माणसाचे होते. आजच्या उपकरणात फिरवणं यंत्र करतं, अर्थ सॉफ्टवेअर लावतं आणि माणसापर्यंत रंगवलेलं चित्र येतं. ऊतीच्या एकेका बिंदूसाठी ध्रुवित प्रकाशाची सोळा मापं घेणारी यंत्रं आहेत. त्या सोळांतून काढलेला एखादाच आकडा निवडून त्याला लाल-हिरवा रंग दिलेला आपण बघतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही वेळा झाकण्यातच उपयोग असतो. त्वचेच्या तपासणीत दोन फोटो घ्यायची एक पद्धत आहे: एक समांतर काचेतून, एक काटकोनातल्या काचेतून. खोलवर जाऊन भरकटून परतणाऱ्या प्रकाशाची दिशा हरवलेली असते, तो दोन्ही फोटोंत सारखा येतो. वजाबाकी केली की तो निघून जातो आणि वरच्या थराची रचना स्वच्छ दिसते. पुढे ह्या वजाबाकीला दोन्ही फोटोंच्या बेरजेने भागलं की त्वचेवरचा साधा तपकिरी ठिपकाही चित्रातून जवळजवळ नाहीसा होतो. हे चित्र अप्रामाणिक नाही, जोवर बघणाऱ्याला माहीत आहे की ते फक्त वरच्या थराबद्दल बोलतंय. खालच्या थराबद्दल ते गप्प आहे. गप्प असणं म्हणजे नकार देणं नव्हे.

*

ह्या प्रश्नावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कळतं कसं? घडा दिसतो तेव्हा डोळ्याला काहीतरी भिडतं. नसलेला घडा डोळ्याला कसा भिडणार? सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले की अभाव कळण्याचं स्वतंत्र साधन आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारलं. नैयायिकांना स्वतंत्र साधन मान्य नव्हतं, त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण ह्या सगळ्या वादात एक अट पक्की होत गेली: अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे, घडा असता तर इथे, ह्या उजेडात, ह्या डोळ्यांना तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही हे ठरत नाही. परमाणू दिसत नाही म्हणून तो नाही असं ठरत नाही, कारण तो डोळ्यांना दिसण्याजोगाच नाही.

ही अट मला दोन्ही बाजूंनी धारदार वाटते. पहिली बाजू उघड आहे: बघायची सोय नसताना ‘नाही’ म्हणू नका. पण दुसऱ्या बाजूकडे आपलं दुर्लक्ष होतं. ‘खात्रीने सांगता येत नाही’ हीसुद्धा लपायची जागा असू शकते. कधीच ‘नाही’ न म्हणणारा डॉक्टर पेशंटला एका तपासणीतून दुसरीत पाठवत राहतो. पैसे जातात, झोप जाते, आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. प्रत्येक पडद्यावर ‘चुकीची शक्यता आहे’ अशी ओळ टाकून देणारं सॉफ्टवेअरही तेच करतं. अशा नम्रतेचा घाबरलेल्या माणसाला काही उपयोग नसतो. त्याला ‘नाही’ ऐकायचं असतं, आणि ते खरं असेल तर ऐकायचा त्याला हक्क आहे.

योग्य अनुपलब्धीची अट हा हक्क मानते. सूज असताना पाणी काढलं, नमुना ताजा होता, चकती पूर्ण फिरवली, मंद स्फटिकही दिसावेत इतका वेळ दिला, आणि काही सापडलं नाही. मग ठामपणे म्हणावं, ‘ह्या नमुन्यात स्फटिक नाहीत.’ तेव्हाही कचरणं हा भित्रेपणा आहे. ‘नाही’ ह्या शब्दाची पात्रता अशी कमवावी लागते, आणि कमवल्यावर तो वापरावाही लागतो.

आज ही कमाई एकट्या माणसाच्या हातात राहिलेली नाही. चकती फिरवणारं यंत्र कोणी दुसऱ्याने बनवलेलं असतं, उंबरठ्याचा आकडा तिसऱ्याने ठरवलेला असतो, काळा रंग चौथ्याने निवडलेला असतो. मग निदान एवढं तरी करता यावं की काळ्या जागेला दोन रंग असावेत: ‘बघितलं, नाही’ ह्याला एक, आणि ‘बघता आलं नाही’ ह्याला दुसरा. ह्यात तांत्रिकदृष्ट्या अवघड फारसं काही नाही. चित्र थोडं कमी देखणं होईल, रिपोर्टवर एक ओळ वाढेल. ती ओळ कापायची की ठेवायची हे ठरवणारे बरेचसे लोक माझ्याच वयाचे आहेत, आणि त्यातले पुष्कळ जण ऊती किंवा पेशंट कधी बघणारही नाहीत.

आणि ज्यांच्या हातात रिपोर्ट येतो त्यांना डॉक्टर किंवा इंजिनिअर नसतानाही एक प्रश्न विचारता येतो. ‘सगळं नॉर्मल आहे’ असं कोणी म्हणालं, तर शांतपणे विचारावं: मला जे होतंय ते खरंच असतं, तर ते ह्या तपासणीत दिसलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर तो ‘नाही’ मनापासून घ्यावा आणि निर्धास्त झोपावं. उत्तर ‘सांगता येत नाही’ आलं तर चकती अजून फिरवायची बाकी आहे.